ओढ्याच्या अलीकडे

गोल्फचं वेड धाकट्या जावेला लावलं ते थोरलीनेच. थोरलीचं स्वतःचं औषधांचं दुकान होतं आणि दुकान उघडायच्या आधी ती खेळून यायची. धाकटी तलावावर मुलांना पोहायला शिकवायची. खांदे भरलेले, कंबर लवचीक. "चल गं, सुट्टीच्या दिवशी लोळत काय पडतेस," म्हणत थोरलीने तिला मैदानावर नेलं. काठी कशी धरायची, पाय किती फाकवायचे, सगळं हाताला धरून शिकवलं. पहिली दोन वर्षं धाकटीचे चेंडू गवतातून सरपटत जायचे आणि थोरली मायेने म्हणायची, "येईल गं, हळूहळू येईल."

तिसऱ्या वर्षी आलं, आणि आलं ते एकदम. एका सकाळी धाकटीने चेंडू असा काही ठोकला की पुढे चाललेले चार पुरुष थांबून मागे बघायला लागले. त्यांतला एक थोरलीचा नवरा. त्या दिवशी जेवताना तोंडात घास असतानाही तो त्याच फटक्याबद्दल बोलत होता. "काय ठोकलाय पोरीने! आपल्या घरात असं कुणाला जमलं नाही." इतकी वर्षं थोरली खेळत होती, तिच्या एकाही फटक्याचं कौतुक कधी ताटापर्यंत आलं नव्हतं. तिने पेला जरा आपटूनच ठेवला.

त्यानंतर आठवड्याभराने मैदानावरचा कोच गुडघ्याचं मलम घ्यायला दुकानात आला. तिथल्या प्रत्येक डावाची, म्हणजे चेंडू खड्ड्यात घालेपर्यंतच्या एकेका टप्प्याची, सुरुवात दोन ठिकाणांहून करता यायची. फटका आखूड असेल त्यांनी पुढच्या, लाल खुणांपासून खेळायचं. लांब असेल त्यांनी बऱ्याच मागच्या पांढऱ्या खुणांपासून. बायकांतल्या एकदोघी सोडल्या तर सगळ्या लालवरच असायच्या.

"तुमच्या जाऊबाईंना आता मागे न्यावं म्हणतो, पांढऱ्यावर," कोच म्हणाला. "लालवरून त्यांचा चेंडू जास्तच पुढे जातो. तुम्ही त्यांच्याबरोबर नेहमी असता. काय वाटतं?"

थोरलीने मलमाची डबी पिशवीत घातली. पांढऱ्या खुणांपाशी उभी असलेली धाकटी तिच्या डोळ्यांसमोर आली, आणि पुढे लालवर वाट बघत ताटकळलेली आपण.

"अजून कच्ची आहे हो ती," ती म्हणाली. "एखादा फटका लागतो, बाकीचे भरकटतात. घाई केलीत तर धीर सोडेल. राहू दे वर्षभर."

"तुम्हीच शिकवलंय त्यांना. तुम्ही म्हणता तसं," कोच म्हणाला आणि लंगडत निघून गेला.

चौथ्या डावात वाटेत ओढा आडवा होता. थोरलीचा चेंडू लालवरून निघाला की ओढ्याच्या बराच अलीकडे, छान सपाट गवतावर पडायचा. धाकटीचा थेट पाण्यात. प्रत्येक वेळी. हात आखडून मारला तर चेंडू झाडीत वळायचा.

"ताई, माझं काय चुकतंय?" ती रडवेली होऊन विचारायची.

"काही नाही गं. मोकळेपणाने मार, घाबरू नकोस," थोरली म्हणायची. मोकळेपणाने मारलेला चेंडू डुबुक करून बुडाला, की थोरलीला आतून असं गार वाटायचं की स्वतःचीच लाज यायची. लाज यायची, पण गार वाटायचं थांबत नव्हतं.

असं होता होता एक दिवस धाकटी वरच्या मजल्यावरून थोरलीकडे चहाला आली आणि म्हणाली, "ताई, मी काठ्या विकून टाकते. हा खेळ माझा नाहीच."

थोरलीला खरं तर हेच हवं होतं. पण धाकटीच्या तोंडावरची कळा बघून तिने कप खाली ठेवला. "विकू नकोस," ती कशीबशी म्हणाली. "एकदा पांढऱ्यावरून मारून बघ."

"पांढऱ्यावरून? लालवरून धड जमत नाही आणि मागे जाऊ?"

"तू उद्या चल तर खरी."

दुसऱ्या दिवशी चौथ्या डावाला धाकटी पांढऱ्या खुणांमध्ये उभी राहिली. चेंडू उंच गेला आणि ओढ्याच्या अलीकडे अलगद टेकला. तिने दुसरा मारला. तोही तिथेच, जवळजवळ त्याच्याच शेजारी. ती लहान पोरीसारखी हसली.

शेजारच्या हिरवळीवर कोच उभा होता. तो टाळ्या वाजवत आला. "बघा! मी काही महिन्यांपूर्वीच म्हणत होतो. यांनीच सांगितलं, कच्च्या आहेत, राहू दे."

धाकटीचं हसू जागच्या जागी थिजलं. कोच गेल्यावर ती म्हणाली, "तुम्ही सांगितलंत?"

"हो."

"मी बुडवत होते ते प्रत्येक वेळी बघत होतात. वर सांगत होतात, मोकळेपणाने मार म्हणून!"

"हो."

"का, ताई?"

थोरलीने हातमोजा काढला, परत घातला. "जळत होते मी तुझ्यावर. दुसरं काही नाही."

"आणि आता?"

"आताही जळतेय. ते दोन चेंडू बघून तर जास्तच."

धाकटीने तिच्याकडे टक लावून बघितलं. मग पिशवी खांद्यावर मारली आणि एकटीच पुढे निघून गेली.

महिना-दीड महिना दोघी जिन्यात भेटल्या तरी मुलांच्या तब्येतीपलीकडे बोलणं होत नव्हतं. धाकटी पुरुषांच्या चमूत पांढऱ्यावरून खेळायची. थोरलीचा नवरा घरी येऊन तिचे आकडे सांगायचा आणि थोरली ऐकून घ्यायची. मैदानावर ती एकटीच लालवरून खेळायची, आणि चांगलं खेळायची.

एका सकाळी धाकटीने तिच्या दारावर टकटक केलं. "माझ्या चमूतले दोघं गावाला गेलेत. येताय?"

"लालवरून खेळेन हं मी."

"मग कुठून खेळणार?" धाकटी म्हणाली. आवाज अजून पहिल्यासारखा मोकळा नव्हता. "आणि माझा चेंडू पाण्यात गेला तर हसू येईल ना, ते तोंडावर हसा."

"हसेन," थोरली म्हणाली आणि बूट शोधायला आत गेली.