शिशाचं पांघरूण

मूल टेबलावर आलं की एकुआ बैडू आधी त्याच्या अंगावर शिशाचा जड एप्रन पांघरायची, तो बरगड्यांपर्यंत ओढून घ्यायची आणि मगच सीटी मशीनच्या बटणाला हात लावायची. किरणं कोवळ्या अंगाला नको तिथं लागू नयेत, एवढीच तिची धडपड. केप कोस्टजवळच्या त्या मिशन इस्पितळात आया तिला शिशाची मावशी म्हणत आणि मुद्दाम तिच्याच पाळीत मुलांना आणत.

आज राजधानीहून, अक्राहून, फिफी अमिसा आला होता. कोणत्या स्कॅनला किरणं किती असावीत, याची हद्द देशासाठी ठरवायची म्हणून तो सगळ्या इस्पितळांचे आकडे गोळा करत होता. कधीकाळी तो एकुआच्या हाताखालीच शिकला होता.

"मावशी, रागावू नका. मुलांच्या छातीच्या स्कॅनला देशात सगळ्यात जास्त किरणं इथं पडतात. इतरांच्या चौपट."

"अक्राला जाऊन मोजायलाही विसरलास वाटतं."

"मोठ्या माणसांचे आकडे ठीक आहेत. फक्त मुलांचेच चढे आहेत."

"माझ्या हातून? मुलांना?" एकुआ हसलीच. "बस इथं आणि बघ."

तिच्या बहिणीची नात न्हिरा आत आली. मूत्रपिंडातली गाठ काढल्यापासून, ती फुप्फुसांत पसरली नाही ना हे बघायला पोरीची छाती पुन्हा पुन्हा तपासावी लागे. एकुआनं तिला निजवलं, एप्रन पांघरला, छातीपर्यंत ओढला.

"थांबा!" फिफी ओरडला. "मशीननं अंगाचा अंदाज घ्यायच्या आधीच तुम्ही हे घालता?"

"मग कधी घालायचं?"

"मावशी, खऱ्या स्कॅनआधी मशीन एक साधं चित्र काढतं आणि किरणांचा जोर त्यावरून ठरवतं. त्याला शिसं दिसतं. त्याला वाटतं, बाजारातली एखादी जाडजूड मासेवाली निजलीय, आणि तेवढा जोर ते या काडीवर लावतं."

एकुआनं एप्रनकडे पाहिलं. न्हिराच्या सगळ्या स्कॅनना एप्रन तिनंच घातला होता. आपली पोर म्हणून चार बोटं जास्तच वर ओढला होता.

तिनं तो उचलला. स्कॅन झाला. पडद्यावरचा किरणांचा आकडा नेहमीच्या पाव हिश्शावर आला होता. तिनं डोळे चोळून पुन्हा पाहिलं. आकडा तोच.

दारातून न्हिराची आई मान्सा आत आली. "मावशी, आज पांघरूण नाही घातलंत?"

एप्रन धुवायला काढलाय, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. फिफीनं मान खाली घातली होती.

"त्यानंच जास्त किरणं पडत होती, मान्सा. मला माहीत नव्हतं."

"म्हणजे आजवर प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी."

मान्सानं पोरीला टेबलावरून ओढून छातीशी धरलं. एकुआनं पुढं केलेला हात तिनं कोपरानं बाजूला सारला आणि ती निघून गेली.

बाहेर बाकावरून एका आईचा आवाज आला, "आत शिशाची मावशीच आहे ना? मग आम्ही थांबतो."

एप्रन तसाच कवटाळून एकुआ, मान्साला सांगितलं तेच सांगायला, त्या बायांपुढं जाऊन उभी राहिली.