शेवटच्या पानांवरचं अक्षर

मी खेडच्या शाळेत सातवीत शिकणाऱ्या अलिझाची इंग्रजी व्याकरणाची वही. माझ्यामुळे तिच्यावर आळ आला, त्याची हकीकत सांगते.

शाळा सुटली की दप्तर घरी टाकून अलिझा अरबीच्या शिकवणीला जायची. ती गेली की तिची आई साबेरा दाराला कडी घालून मला बाहेर काढायची. पहिल्या दिवशी मला वाटलं, ही पानं फाडणार की काय? शेजारणीने हाक मारली की मला उशीखाली सारायची. चांगलं काम कुणी असं चोरून करतं का? मग ती माझ्या शेवटच्या पानांवर पेन्सिलीने लिहू लागली. माझा संशय वाढला.

एकदा कुसुमबाई वह्या तपासत होत्या. कंपाउंड प्रेडिकेटची अलिझाची सगळी उत्तरं बरोबर. पण मागची पानं उलटली आणि बाईंच्या कपाळाला आठी पडली. तीच वाक्यं, तीच उत्तरं, अक्षर मात्र दुसरंच.

"गृहपाठ कोण करून देतं तुला?"

"कुणी नाही, बाई."

"मग हे अक्षर कुणाचं?"

"खरंच माहीत नाही."

कुणाचाच विश्वास बसेना. शेजारी बसणाऱ्या मनस्विनीने आपली वही हळूच लांब ओढली. ते मला फार लागलं. बाईंनी इंग्रजीच्या स्पर्धेतून अलिझाचं नाव खोडलं आणि आईला बोलावलं.

दुसऱ्या दिवशी साबेरा वर्गात आली. "ती पानं माझी, बाई. माझी शाळा सातवीतच सुटली. पोरीच्या वहीतून शिकतंय. ती हसेल म्हणून सांगितलं नाय."

बाईंना पटलं नसावं. त्यांनी फळ्यावर इंग्रजीत वाक्य लिहून वाचलं, "जमाल सोल्ड द फिश अँड वेंट होम."

साबेराने पदर सावरला. "माणूस एकच, जमाल. त्याने कामं दोन केली. मासे विकले नि घरी गेला. म्हणजे कंपाउंड प्रेडिकेट."

"आणि जमाल सोल्ड द फिश अँड झुबेर वेंट होम?"

"नाय बाई. घरी गेला तो झुबेर. ही दोन वाक्यं जोडलेली. ज्याचं काम त्याच्याच नावावर."

बाईंनी खडू खाली ठेवला. "अलिझा, चुकले मी," त्या सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या. अलिझा हसली नाही. तिने अम्मीचा हात घट्ट धरला होता.

आता मी भरले आहे. साबेराने स्वतःसाठी नवी वही आणली आहे. मला रद्दीत द्यायचं तर खुशाल द्या. पण एखादं लेकरू "माहीत नाही" म्हणालं, तर एकदा तरी ते खरं धरून बघा.