फर्गलच्या गाडीचा दसरा

या, आणखी थोडं पुढे सरका. मागची सतरंजी मोकळी राहिली तरी चालेल, पण पेटीच्या जवळ बसा, म्हणजे मला आवाज चढवायला नको. बुवा अजून इत्तिहाद रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेत, चहालाही अवकाश आहे. ते येऊन कीर्तनाला उभे राहीपर्यंत तुम्हाला एक गोष्ट सांगते. आपल्या अंबादासभावजींची, एका आयरिश माणसाच्या गाडीची आणि एका म्हातारीची. त्या म्हातारीला आपल्यापैकी कुणी समोरासमोर पाहिलेलं नाही. गोष्ट संपली की तुमच्याकडे एक मागणं मागणार आहे, तेही आत्ताच सांगून ठेवते.

अंबादासभावजी आमच्याच बिल्डिंगमधले, इथे दुबईशेजारी रोल्लात. दर महिन्याच्या या कीर्तनाला झांज त्यांच्याकडेच असते. नोकरी दुबईला, देराच्या एका ऑफिसात. मालक हैदराबादचे यूनुसभाई. हे ऑफिस महागड्या गाड्या विकतं, पण इथल्या शेखांना नाही, आयर्लंडच्या लोकांना. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा खरंच वाटेना. आयर्लंड म्हणजे पाऊस, गाई आणि बटाटे, एवढंच माझ्या डोक्यात. त्यांना एवढ्या भारी गाड्या कशाला हव्यात, म्हणून मी भावजींना खोदून खोदून विचारलं.

ते म्हणाले, वहिनी, तो देश आता पहिल्यासारखा राहिला नाही. औषधांच्या आणि कॉम्प्युटरच्या मोठमोठ्या कंपन्या तिथे गेल्या, जमिनींना भाव आला, लोकांच्या हातात पैसा खेळायला लागला. पूर्वी वर्षाकाठी एखाद-दुसरी ऑर्डर यायची, आता जेबेल अली बंदरातल्या यार्डात त्यांच्या गाड्यांची रांग असते. तिकडच्या शोरूममध्ये नाव लावलं तर कधी नंबर लागेल सांगता येत नाही. यूनुसभाई इथून लवकर मिळवून देतात. भावजींची मुलगी गिरिजा तिथेच मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "मावशी, दे आर रिच. रिच पीपल बाय कार्स. व्हॉट्स द मिस्टरी?"

पण मिस्टरी होती, ती पुढे कळली.

या गाड्यांची एक गंमत मात्र भावजींना फार आवडायची. आयर्लंडमध्ये आपल्यासारखंच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवतात, म्हणून स्टिअरिंग उजवीकडे. इथे सगळ्यांचं डावीकडे. इतकी वर्षं इथे काढल्यावर यार्डात अशा गाडीत उजव्या बाजूला बसलं, की त्यांना आपल्या गावात आल्यासारखं वाटायचं. बायकोला, सुलभाला, ते सांगायचे, गाडी परक्याची, पण बसायची जागा आपली. पुढे जे झालं ना, त्याचं मूळ इथे आहे.

सप्टेंबरात फर्गल नावाचं गिऱ्हाईक आलं. घोडे पैदास करणारा, पासष्टीचा, तांबूस चेहऱ्याचा, थोडक्यात बोलणारा माणूस. घोड्यांच्या कामासाठी दुबईला आला होता, तेव्हाच यार्डात येऊन गाडी पसंत केली. गडद हिरवी, आत साखरेच्या पाकासारख्या रंगाचं चामडं. जाताना भावजींचा हात हातात घेऊन म्हणाला, घाई काहीच नाही, जानेवारीत मिळाली तरी उत्तम.

आता तुम्हीच सांगा, आपल्यातलं कुणी हे वाक्य ऐकलं तर काय समजेल? भिडस्त माणूस आहे, असंच ना? नवी गाडी घेतलीय आणि घाई नाही म्हणतोय. भावजीही तेच समजले. त्यात दसरा आला तोंडावर. विकत घेतलेली गाडी दसऱ्याला धूळ खात उभी ठेवायची, ही कल्पनाच त्यांना सोसेना. नेमकी दसऱ्याच्या दिवशी निघणाऱ्या बोटीत एक जागा रिकामी झाली. भावजींनी कागदपत्रं फिरवली आणि फर्गलची गाडी त्या बोटीवर चढवायची ठरवली.

सुलभाने आदल्या संध्याकाळी बुर दुबईच्या देवळाच्या गल्लीतून झेंडू आणला, नारळ आणला. पिशवी हातात देताना तिने विचारलं, "त्यांना कळवलंत का?" भावजी म्हणाले, चांगलं काम करायला कुणाला विचारायचं असतं का.

यार्डात गाड्या हलवणारा जमाल त्यांचा जुना मित्र, पेशावरचा. त्याने गाडी बिस्मिल्ला म्हणून सुरू केली, भावजींनी चाकाखाली लिंबू ठेवलं, बाजूला नारळ फोडला. हार घातला आणि फोटो न काढताच उतरवला. बॉनेटला हळदकुंकू लावायचा हात मात्र थांबला, रंगाला डाग पडला तर? मग त्यांनी पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं आणि आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही असं, बोटाने हळदकुंकू लावलं. झाकण लावलं, हात जोडले. यल्ला, चला, म्हणाला जमाल, आणि गाडी बोटीकडे गेली.

इथवर पूर्वरंग. आता ऐका.

नोव्हेंबरात गाडी डब्लिनला उतरली आणि फर्गलचा फोन आला. आभार मानायला असेल म्हणून भावजींनी हसतच घेतला. फर्गल ओरडला नाही, पण इतका थंडपणे बोलला की ओरडला असता तर बरं, असं भावजींना वाटलं. त्याचं म्हणणं असं. आयर्लंडमध्ये गाडीच्या नंबरप्लेटची सुरुवातच सालाने होते. पंचवीस साली नोंदली तर पंचवीस, सव्वीस साली नोंदली तर सव्वीस. गाडी देशात उतरली की महिनाभरात नोंदवावीच लागते, तसा कायदा आहे. म्हणजे त्याच्या कोऱ्या गाडीवर आता कायमचं पंचवीस लागणार, आणि जानेवारीपासून गावातलं शेंबडं पोरही पाटी वाचून म्हणणार, फर्गलची गाडी गेल्या वर्षीची. म्हणून तर तिथे जो तो गाडी जानेवारीत घेतो. जानेवारी म्हणजे तिथला दसराच म्हणा ना.

भावजींनी घरी येऊन सांगितलं तेव्हा मी तिथेच होते. मला खरं सांगायचं तर नवल जास्त वाटलं आणि काळजी नंतर. इथे शेख लोक एका आकड्याच्या पाटीसाठी लिलावात उतरतात. आपली माणसं आकड्यांची बेरीज नऊ येते का ते बोटांवर बघतात. आणि तिकडे सालावरून माणसाची किंमत. गाडी कुठेही धावो, माणसाचं मन आपलं त्या पाटीवरच चिकटलेलं.

काळजी आली ती चार दिवसांनी. फर्गलने दोन फोटो पाठवले. एकात टाकीच्या झाकणाच्या आत लालपिवळा डाग. दुसऱ्यात ड्रायव्हरच्या सीटवर पाणी उडाल्यासारखे पांढुरके ठिपके. खाली लिहिलं होतं, की गाडी कोरी नाही, कुठेतरी ठोकून रंगवलेली आणि भिजलेली गाडी मला दिली, मी ती परत पाठवतोय.

यूनुसभाई मनाने वाईट नाहीत, पण तेही घाबरले. एकाने गाडी परत पाठवली की त्या छोट्या देशात बातमी पसरायला वेळ लागत नाही. त्यांनी भावजींना केबिनमध्ये बोलावलं आणि शांतपणे सांगितलं, "अंबादासभाई, गाडी वापस आयी तो मैं आपको रख नहीं पाऊंगा।" नोकरी गेली की व्हिसा गेला, हे इथे कुणाला समजवायला नको. गिरिजाची बारावी, मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा. मध्येच शाळा सोडून पोरीला कुठे न्यायचं? यूनुसभाईंनीच मग वाट सुचवली. लाल डाग म्हणजे फॅक्टरीत तपासणी झाल्याची खूण असते, असं सांगायचं. सीटचं खापर बोटीवर फोडायचं. फर्गलशी दुसऱ्या दिवशी दुपारी व्हिडिओ कॉल ठरला.

त्या संध्याकाळी भावजींनी जेवण चिवडलं. सुलभा म्हणाली खरं सांगा. ते म्हणाले, काय सांगू, गाडीला कुंकू लावलं? तो म्हणेल ही माणसं वेडी आहेत, आणि मग सीटवरचे ठिपकेही माझ्याच नावावर. गिरिजा म्हणाली, "बाबा, जस्ट से फॅक्टरी मार्क. ही वोन्ट नो." सुलभाने तिच्याकडे पाहिलं नाही, नवऱ्याकडेच पाहत होती. म्हणाली, "देवाचं नाव घेऊन लावलंत. आता ते फॅक्टरीचं म्हणायचं?"

एवढंच. मग ती भांडी घासायला उठली.

दुसऱ्या दिवशी कॉल लागला. फर्गल आपल्या स्वयंपाकघरात बसला होता, मागे खिडकीत करडं आभाळ, आणि शेगडीपाशी खुर्चीत एक पांढऱ्या केसांची म्हातारी शालीत गुंडाळलेली. ती त्याची आई, ब्रायडी. नव्वदीच्या पुढची, कानाने जरा कमी. यूनुसभाई भावजींच्या शेजारी बसले होते आणि सुरुवात फॅक्टरीने करा म्हणून खुणावत होते.

भावजी म्हणाले, "सर, तो लाल डाग मी लावलाय."

यूनुसभाईंनी डोळे मिटले.

भावजींनी मग सगळं सांगितलं. की आमच्याकडे दसरा असतो, त्या दिवशी ज्या साधनावर आपण विसंबतो त्याला नमस्कार करतात, गाडीलाही. तुमची गाडी त्या दिवशी निघावी असं मला वाटलं, तुम्हाला न विचारता मी ती लवकर पाठवली, ती चूक माझी, कंपनीची नाही. ती हळद आणि कुंकू आहे, ओल्या फडक्याने जाईल. गाडी ठोकलेली नाही. सीटवरच्या ठिपक्यांचं मात्र मला खरंच माहीत नाही.

मागून म्हातारीने विचारलं, तो माणूस काय म्हणतोय? फर्गलने मान वळवून मोठ्याने सांगितलं, की म्हणतोय, त्याने गाडीला आशीर्वाद दिला होता. म्हातारी पुन्हा म्हणाली, काय दिला होता? त्याने आणखी मोठ्याने सांगितलं.

मग ती उठली. काठी टेकत कपाटापाशी गेली आणि एक छोटी बाटली घेऊन आली. बाटली मेरीमातेच्या आकाराची, निळ्या झाकणाची, आत त्यांच्या देवळातलं तीर्थ. ती फोनच्या अगदी जवळ आली, इतकी की पडद्यावर नुसतं नाक आणि चष्मा दिसायला लागला. म्हणाली, फर्गल, गाडी आली त्याच दिवशी तू घोड्यांकडे गेल्यावर मी बाहेर जाऊन शिंपडलं. तुझ्या बसायच्या जागेवर जरा जास्त, कारण चालवणार तू. तू त्या ठिपक्यांवरून इतका आरडाओरडा केलास की मला बोलायचा धीर झाला नाही.

भावजी सांगतात, फर्गलचा चेहरा आधी तांबडा होता, तो आणखी तांबडा झाला. यूनुसभाईंनी डोळे उघडले. त्यांच्या तोंडून हळूच सुभानअल्ला निघालं, आणि ते म्हातारीला कसं कोण जाणे ऐकू गेलं, कारण तिने त्यांनाही मान डोलावून दाद दिली.

फर्गल म्हणाला, ते असू दे, पण नंबराचं काय? पंचवीसचं काय करू?

म्हातारी खुर्चीत परत बसत म्हणाली, "दोन्हीकडून आशीर्वाद मिळालेली गाडी परत पाठवायची नसते, फर्गल. आणि जानेवारी यायचा तेव्हा येईल. मला या रविवारी चर्चला जायचंय."

फर्गलने मान हलवली, ठेवतो गाडी म्हणाला. फोन ठेवता ठेवता भावजींनी, राहवेना म्हणून, विचारलंच, सर, सालाचं तुमच्याकडे इतकं महत्त्व आहे का? फर्गल पहिल्यांदा हसला. म्हणाला, महत्त्व? दोन हजार तेरा साल आलं तेव्हा पाटीवर नुसतं तेरा नको, अपशकुनी, गाड्या कुणी घेणार नाही, अशी बोंब उठली. तेव्हापासून सालापुढे आणखी एक आकडा लावतात, वर्षाच्या पहिल्या सहामाहीला एक, दुसऱ्या सहामाहीला दोन. भावजी म्हणाले, म्हणजे मुहूर्त तुम्हीही बघता. फर्गल म्हणाला, बघतो, पण तुम्ही पुढच्या वेळी मला विचारून बघा.

ते खरंच होतं, आणि भावजींनी ते मनाला लावून घेतलंय. आता प्रत्येक गिऱ्हाइकाला ते आधी विचारतात, तुमच्याकडे चांगला दिवस कोणता. यूनुसभाईंनी तसा नियमच केला. गिरिजाचा अभ्यास चाललाय, परवा माझ्याकडे फिजिक्सची वही विसरून गेली. आणि जमाल सांगतो, एखादी गाडी बोटीवर जाताना यूनुसभाई यार्डात असले, तर दुसरीकडे बघत हळूच विचारतात, "वो आपका लिंबूवाला हो गया?"

फर्गलने एक फोटो पाठवलाय, भावजींच्या मोबाइलमध्ये आहे, नंतर बघा. दगडी चर्चचं फाटक, पाऊस, हिरवी गाडी, पाटीवर पंचवीस. दार उघडं आहे आणि ब्रायडीआजी एक पाय बाहेर टाकून उतरतेय. सीट पुसलेली नाही, ठिपके तसेच दिसतात. झाकणाच्या आतलं कुंकूही तिने पुसू दिलं नाही, असं त्याने कळवलंय.

पावलं वाजली, बुवा आले वाटतं. तर माझं मागणं एवढंच. पुढच्या दसऱ्याला आपापल्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवाल, हात जोडाल, तेव्हा क्षणभर त्या लांबच्या ओल्या गावातल्या ब्रायडीआजीची आठवण काढा. आपल्या एका माणसाचं घर तिने न पाहता राखलं. तिच्या नावाने एक फूल जास्त वाहा.