गतिरोधकापाशी उतरणारी माणसं

मित्रांनो, कधी वाकून पाहिलंत तर माझ्या पोटावर पुढून मागेपर्यंत एक लांब ओरखडा दिसेल. मी एक जुनी, ठेंगणी, चार दारांची गाडी आहे आणि तो ओरखडा कसा पडला ते मला सांगायचं आहे.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझं पोट जमिनीपासून जेमतेम वीतभर वर होतं. सपाट रस्त्यावर तेवढं पुरे. पण मला घेतलं एका घड्याळजीने, आणि त्याच्या गल्लीच्या तोंडाशी होता एक गतिरोधक. बांधणाऱ्याने तो अगदी हात सैल सोडून, नको तेवढा उंच बांधला होता. पहिल्याच आठवड्यात पाच माणसं घेऊन मी त्यावर आपटले आणि पोटाखालचं तेलाचं चेंबर फुटलं.

"भरलेली गाडी खाली बसते," मेकॅनिक म्हणाला. "इथे माणसं उतरवत जा."

घड्याळजीने हे फारच मनावर घेतलं. गतिरोधक आला की बायको, दोन मुली आणि आजोबा, सगळे खाली उतरत. शेजारी हसत, पण या घराला त्याचं काही नव्हतं. आजोबा गुडघ्यांवर हात ठेवून वाकत, माझ्या पोटाखाली बघत आणि म्हणत, "येऊ दे, दोन बोटं आहेत." मग सगळे पुन्हा बसत. नऊ वर्षं असंच चाललं. मला कोण अभिमान वाटायचा!

एका दुपारी आजोबांच्या छातीत जोराची कळ आली. सुनेने त्यांना धरून मागच्या सीटवर बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. घड्याळजी घाईने निघाला. गतिरोधक आला आणि सवयीने त्याचा पाय ब्रेकवर गेला. तेवढ्यात आजोबांनी दार उघडलं.

"बाबा, बसा आत," सून म्हणाली.

"चेंबर फुटेल गं. बघतो ना मी."

एक पाय टाकून, दार धरून ते उतरले, नेहमीसारखे वाकले आणि तिथेच कोसळले.

त्यांना उचलून आत घेण्यात वेळ गेला. मग घड्याळजीने मला सगळ्यांसकट गतिरोधकावरून नेलं. पोट खरवडून निघालं, पण चेंबर फुटलं नाही. दवाखान्यात डॉक्टर एवढंच म्हणाले, "थोडं आधी आणायला हवं होतं."

मला तेव्हा स्वतःची लाज वाटली. अजूनही वाटते.

मित्रांनो, वस्तू जरूर जपा. माझ्या चाकांत हवा भरा, तेल बदला, काचा पुसा. पण आत माणूस असेल तर माझं पोट खुशाल घासू द्या. मी त्याच्यासाठीच बनले आहे.

घड्याळजीने तो ओरखडा दुरुस्त केला नाही. गतिरोधकापाशी तो आजही क्षणभर थांबतो. आता कोणी उतरत नाही. मागच्या सीटवरची धाकटी मुलगी हळूच म्हणते, "येऊ दे," आणि आम्ही घासत पुढे जातो.