पडद्याआडचा आकडा

गावकऱ्यांची कंबर मोजून कुणाला साखरेचा धोका आहे ते पाहायचं, या आमच्या कामात एक नियम आहे. एकीने कमरेला टेप लावून आकडा मोठ्याने सांगायचा, दुसरीने पडद्याआड बसून तो परत म्हणायचा आणि मगच लिहायचा. बावीस वर्षं पलीकडे एफी बसायची. गेल्या हिवाळ्यात ती वारली. त्या दिवशी न्यूफाउंडलंडच्या मेल्या धुक्यापायी तिच्या जागची नवी पोरगी फेरीबोटीतच अडकली, म्हणून चर्चच्या हॉलमध्ये मी एकटीच होते. पलीकडची खुर्ची रिकामी होती.

आला कोण, तर माझाच धाकटा भाऊ लिअँडर. खेकड्यांच्या बोटीवरचा गडी, हातपाय काटक, पोट तेवढं पुढे. कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त भरली की रक्त तपासायचं. साखर वाढायच्या कितीतरी वर्षं आधी अंग इन्सुलिनला जुमानेनासं होतं, ते तेव्हाच कळतं. लिअँडरची मर्यादा शहाऐंशी सेंटिमीटर.

"श्वास सोड," मी म्हटलं.

"सोडलाय की!" पठ्ठ्याने पोट पाठीला लावलं होतं.

"मला काय दूधखुळी समजतोस?"

"ताई, हात जोडतो. साखरेने बाबांचा पाय गेला, तेव्हापासून त्या सुईची धडकीच भरते. लिही ना काहीतरी."

मी पाघळले. टेप आवळली आणि म्हटलं, "पंच्याऐंशी."

"त्र्याण्णव," पडद्याआडून आवाज आला.

सर्रकन काटा आला अंगावर. भीतीने लिअँडरचं आत ओढलेलं पोट सुटलं, टेप माझ्या बोटांतून सरकली. खाली पाहिलं, तर त्र्याण्णव.

"ताई, कोण आहे तिकडे?"

मी पडदा ओढला. कुणी नव्हतं. मी फॉर्मवर त्र्याण्णव लिहिलं.

तोच पुन्हा आवाज, एफीचाच, तसाच चेष्टेखोर, "आणि माझं गं, ड्रुसी?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन वर्षांपूर्वी एफीनेही असंच हसत पोट आत ओढलं होतं. मैत्रीण म्हणून मी टेप आवळली आणि 'ठणठणीत' असा शेरा मारला. तिचं रक्त कुणी तपासलंच नाही. साखर कळली, तोवर मूत्रपिंडं गेली होती.

"शहाण्णव होतं, एफी," मला रडू फुटलं. "मला माहीत होतं गं."

पलीकडे खुर्ची करकरली. मग काहीच नाही.

लिअँडर पांढराफटक पडला होता. तो सुईच्या टेबलाशी जाऊन बसला आणि त्याने बाही वर केली.