लाटेकडे पाठ नको

ताईंनी उभी नोकरी माणसांच्या हाडांचे फोटो काढण्यात घालवली. इस्पितळाच्या एक्स-रे विभागात त्यांचा शब्द शेवटचा असायचा. भलेभले डॉक्टरसुद्धा स्वतःचा गुडघा घेऊन आले की त्यांच्यासमोर मुकाट झोपायचे आणि ‘आता हलू नका’ म्हटलं की हलायचे नाहीत. निवृत्त झाल्यावर त्यांना हलणाऱ्या गोष्टींचे फोटो काढायची हुक्की आली. लग्नांचे फोटो काढणारा एक ओळखीचा माणूस दुकान आवरत होता. त्याच्याकडून त्यांनी कॅमेरा, ट्रायपॉड आणि कोपरापर्यंतच्या हाताएवढी लांब लेन्स आणली आणि समुद्राकडे मोर्चा वळवला.

पहिला हिवाळा शिकण्यात गेला. फोटोत पक्ष्यांची नुसती शेपटं यायची आणि लाट म्हणजे धुतलेली चादर वाटायची. नवरा म्हणाला, “हे शेपटांचं प्रदर्शन भरव एकदा.” ताईंनी त्याचं बोलणं कानाआड केलं. दुसऱ्या हिवाळ्यात हात बसला. लाट फुटण्याआधी तिच्या पोटात हिरवा उजेड दिसतो, तेव्हाच बटण दाबायचं, नंतर उपयोग नाही, हे त्यांना कळलं. कुरव पक्षी, ज्यांना सगळे सीगल म्हणतात, ते वाऱ्याकडे तोंड करूनच उडतात, तेव्हा वारा पाठीवर घेऊन उभं राहिलं की ते आपसूक समोर येतात, हेही कळलं.

त्याच हिवाळ्यात वन्सं राहायला आल्या. वन्सं म्हणजे ताईंची थोरली नणंद. यजमान गेले, मुलं दूर, मग धाकट्या भावाने हट्टाने घरी आणलं. वन्संनी अर्ध्या शहराला गाडी चालवायला शिकवलं होतं. स्वतःची ड्रायव्हिंग स्कूल होती, आणि आवाज असा की चौकातली दुसरी गाडीसुद्धा ब्रेक मारायची. पण नवरा गेल्यापासून तो आवाज बसला होता. दिवसभर खिडकीपाशी बसायच्या, चहा निवायचा.

ताईंना समजूत घालता येत नसे. त्यांनी एका सकाळी गाडीची किल्ली वन्संपुढे ठेवली. “मला चालवता येत नाही. बसने जाईपर्यंत उजेड निघून जातो. सोडाल का?”

“आणि तिथे मी काय करू? पक्षी मोजू?”

“गाडीत बसा. नाहीतर फिरा.”

वन्संनी सोडलं. मग रोजच सोडू लागल्या. शहराला लागून चार-पाच किनारे होते. एका ठिकाणी सांडपाण्याचा नाला समुद्राला मिळायचा, तिथे कुरवांची जत्राच असायची. एका ठिकाणी उन्हाळ्यातली आइस्क्रीमची दुकानं पत्रे लावून बंद होती आणि त्यांच्या छपरांवर पक्षी ओळीने बसायचे. वन्सं आधी गाडीतच बसत, काच वर करून. मग एक दिवस काच खाली आली, मग दार उघडलं. लाट मागे गेली की तिच्यामागे धावणारे आणि पुढे आली की तुरुतुरु पळणारे चिमुकले पक्षी पाहून त्या म्हणाल्या, “हे बघ कारकून. साहेब आला की पळतात.” कित्येक दिवसांत त्या पहिल्यांदाच आपणहून बोलल्या होत्या. ताईंनी मुद्दाम मागे वळून पाहिलं नाही.

मग हिवाळ्याच्या मध्यावर मोठ्या लाटांचा इशारा आला. ताई याचीच वाट पाहत होत्या. बंदराच्या जुन्या धक्क्यावरून, कठड्याच्या आत राहून, समोरून येणाऱ्या लाटेवर तरंगणारा कुरव टिपायचा, हे त्यांनी कधीचं मनात धरलं होतं. सकाळी दोघी पोचल्या तेव्हा वर आभाळ स्वच्छ होतं आणि खाली पाणी खवळलेलं. धक्क्यावर गळ गुंडाळत असलेला एक माणूस सोडला तर चिटपाखरू नव्हतं. ताईंनी ट्रायपॉड रोवला, लेन्स लावली आणि पक्षी शोधू लागल्या.

लेन्समधून त्यांना दिसलं ते वेगळंच. धक्क्याच्या पायऱ्या जिथे पाण्यात उतरत होत्या, तिथे शेवटच्या पायरीवर एक कुरव फडफडत होता. कुणाच्या तरी गळाचा तुटलेला तंगूस, नायलॉनचा तो चिवट दोर, पंखाभोवती आवळला होता आणि त्याचं दुसरं टोक लोखंडी कडीत अडकलं होतं. प्रत्येक लाट त्याला बुडवून जात होती.

गळवाल्यानेही पाहिलं. “त्याचं काही खरं नाही, मावशी,” तो म्हणाला. “भरती चढतेय.”

“चाकू आहे?” ताईंनी विचारलं.

त्याने चाकू दिला, पण मान हलवतच.

ताईंनी शाल काढून हातात घेतली. वन्संनी त्यांचं मनगट धरलं. “वेडी आहेस का? वाहून जाशील.”

“वन्सं, मी दोन हिवाळे हे पाणी बघतेय. मोठ्या लाटा लागोपाठ येतात आणि मग समुद्र दम खातो. तेवढ्या वेळात उतरून वर येता येतं. फक्त मला खाली मान घालून काम करावं लागेल. पाण्याकडे बघायला कुणीतरी हवं.”

वन्संनी समुद्राकडे पाहिलं, मग ताईंकडे. मनगट सोडलं. “मी म्हणेन तेव्हाच उतरायचं. आणि मी वर म्हटलं की वर, काम अर्धं असलं तरी. वाद घालायचा नाही.”

“नाही घालणार.”

वन्सं कठड्याला धरून उभ्या राहिल्या, गळवाला पायऱ्यांच्या तोंडाशी. तीन मोठ्या लाटा आपटून गेल्या. “थांब,” वन्सं म्हणाल्या. “थांब. आता.”

ताई उतरल्या. शेवाळावर पाय ठरत नव्हते. पक्ष्यावर शाल टाकली, तशी त्याने चोचीने अंगठा फोडला. रडणाऱ्या पोरांना टेबलावर धरायची त्यांना सवय होती, घट्ट पण न दाबता. त्यांनी त्याला काखेत धरलं आणि कडीपाशी तंगूस कापायला घेतला.

“वर,” वन्संचा आवाज आला. तो जुना आवाज होता, चौकातला. “सोड ते. वर ये.”

शेवटचा धागा बाकी होता. ताईंनी हिसडा मारला, तो तुटला, आणि त्या पक्ष्यासकट धडपडत वर आल्या. गळवाल्याने दंड धरून ओढलं. मागे लाट फुटली, धक्क्यावर चढली आणि गुडघ्याएवढ्या पाण्याने ट्रायपॉड उचलून दगडावर आपटला.

सगळ्यांनी आधी पक्षी बघितला. गळवाल्याने आता स्वतःच पुढे होऊन पंखाभोवतीचे वेढे कापले. ताईंनी हलक्या बोटांनी पंखाचं हाड चाचपलं. मोडलं नव्हतं. शाल उघडली तसा तो कठड्यावर बसला, पिसं झटकली, सगळ्यांकडे रागाने पाहिलं आणि वाऱ्यावर निघून गेला.

मग ताईंनी लेन्स उचलली. आतली काच तडकली होती, हलवली की खुळखुळत होती. बॅगेतली छोटी लेन्स तेवढी वाचली होती. आणि पट्टा कठड्यात अडकल्यामुळे कॅमेराही.

“मला दिसत होतं ट्रायपॉड पडणार,” वन्सं म्हणाल्या. “हात लांब केला असता तर पकडताही आला असता. पण तुझ्यावरची नजर हटली असती.”

“बरं केलंत.”

“तुझी इतकी आवडीची वस्तू.”

“वस्तूच की,” ताई म्हणाल्या. त्यांचे दात वाजत होते आणि तरी हसू येत होतं. वन्संनी स्वतःचा कोट काढून त्यांच्या अंगावर टाकला, आणि मग त्या रडल्या. नवरा गेल्यावरसुद्धा लोकांसमोर न रडलेल्या वन्सं तिथे, त्या धक्क्यावर, ढसाढसा रडल्या. ताई शेजारी उभ्या राहिल्या. गळवाल्याने थर्मासमधला चहा ओतून दिला.

उरलेला हिवाळा ताईंनी छोट्या लेन्सवर काढला. तिच्यातून दूरचं काही दिसत नसे, म्हणून त्यांना पाण्याजवळ जावं लागलं. रबरी बूट घालून त्या फेसात उभ्या राहत आणि वन्सं मागून हुकूम सोडत: “डावीकडे. आणखी पुढे नको. लाटेकडे पाठ नको.” आता फोटोत पक्षी लहान आणि समुद्र मोठा येऊ लागला, आणि ताईंना वाटलं, आपण इतके दिवस उगाच दुरून बघत होतो.

एका रविवारी नवऱ्याने चष्मा लावून ते फोटो पाहिले. त्यातल्या एकात लाट भिंतीसारखी उभी होती.

“यात पक्षी कुठाय?”

“हा काय,” वन्सं म्हणाल्या आणि लाटेच्या माथ्यावरच्या पांढऱ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. “तुला नाही दिसणार, तू झोपलेला असतोस. आणि अगं, बूट घाल. वारा फिरलाय, आज नाल्याकडे जाऊ.”