एका शब्दाचे दोनशे अर्थ

घोडा धावतो तो ‘रन’, नळ वाहतो तो ‘रन’. दुकान चालते, मोजा उसवतो, नाक गळते, उमेदवार उभा राहतो आणि आजोबांचा तिरसटपणा नातवात उतरतो, तेही इंग्रजीत ‘रन’च. एवढी कामे घरातल्या एकाच सुनेच्या गळ्यात पडली असती, तर तिने केव्हाच भांडी आपटली असती. हा शब्द मात्र निमूट राबत आला आहे.

इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कचेरीत त्याची नोंद मामा लिहीत होते. मामा प्रमुख संपादक. समोरच्या टेबलावर त्यांची सख्खी भाची, दुय्यम संपादक. प्रत्येक अर्थाला एक उदाहरणवाक्य हवे, हा तिथला शिरस्ता, आणि मामा ती वाक्ये आपल्याच संसारातून उचलत.

अकरावा अर्थ होता, ‘कापडाचा रंग धुताना सुटणे’. उदाहरण : नव्या चादरीचा रंग सुटून पांढरा सदरा गुलाबी झाला. अडतिसावा होता, ‘रंग फुटून इतर कपड्यांस लागणे’. चादर तीच, सदराही तोच. मामी गेल्यावर मामांनी आयुष्यात पहिल्यांदा धुणे धुतले, त्या दिवशीचा. भाचीने पुढे पाहिले, तर नळ तीनदा वाहत होता.

शिकाऊ माणूस अर्थ गाळतो. तोच अर्थ नव्या, नेटक्या शब्दांत पुन्हा मांडण्याची चूक करायला आधी जन्मभर कोश करावा लागतो आणि मग तो विसरू लागावे लागते. भाची गुपचूप दुबार अर्थ काढू लागली. मामांना कळले तर ते खचतील, आणि न काढले तर लोक त्यांच्या नावाला हसतील.

पण अर्थांचा आकडा घटला, तेव्हा संचालकांनी तिला बोलावले. संचालक पूर्वी बादल्यांचा कारखाना चालवत. माल मोठा दिसला की खपतो, एवढे तत्त्वज्ञान ते तिथून घेऊन आले होते. ‘एक शब्द, दोनशे अर्थ!’ असे फलक त्यांनी छापून घेतले होते.

“काही अर्थ दोनदा पडलेत, साहेब.”

“पडू देत की, मॅडम. वाचतंय कोण?”

“जाणकार वाचतील. मामांना हसतील.”

“हसू देत. नाव सरांचं आहे, संस्थेचं कुठंय?” संचालक प्रसन्नपणे म्हणाले. “काढलेले सगळे परत घाला.”

आता लपवून भागणार नव्हते. ती टेबलाशी परतली आणि अकराव्या नि अडतिसाव्या अर्थाची पाने मामांपुढे ठेवली. मामांनी ती वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली.

“हे मी लिहिलं?”

“दोन्ही.”

“सदरा तर एकच होता गं.”

“हो, मामा.”

“आणखी आहेत?”

“आहेत. मी काढत होते.”

“मला न सांगता?” मामांचा आवाज चढला. “ठमाबाई, माझ्याच कोशात माझी झाकपाक? हे शिकवलं होतं मी तुला?”

तिचे डोळे भरले. मामा उठले, पाने घेतली आणि थेट संचालकांच्या खोलीत गेले. ती मागोमाग धावली.

“दोनशे नाहीत,” मामा म्हणाले. “खरे किती, ते ही सांगेल. मी विसरायला लागलोय.”

“अहो सर, फलक छापून झालेत!”

“मग फलकावर आणि कोशावर प्रमुख संपादक म्हणून तुमचं नाव घाला. माझं काढा.”

संचालकांचा चेहरा उतरला. पुनरुक्ती हा दोष आहे, हे एका क्षणात त्यांच्या ध्यानी आले. ज्ञानप्राप्ती इतक्या झटपट झाल्याचे दाखले दुर्मीळच. “आकडा बदलून घेऊ,” ते पुटपुटले.

बाहेर येताच मामा भिंतीला टेकले. आत ताठ असलेले खांदे खाली आले होते.

“आता तूच प्रमुख हो. मी काय करू गं?”

“तुम्ही सांगत जा, मी लिहीन. पुन्हा तेच सांगितलंत तर टोकेन.”

“तोंडावर?”

“तोंडावर.”

“चारचौघांत नको हं.”

“नाही, मामा. आपण दोघंच असताना.”

मामांनी मान डोलावली. “चल तर. नळापासून सुरू करू. तो एकदाच वाहू दे.”